जवळच्या नातलगांतील फरक: पीतज्वराची जनुके कशी वाचतात?

१९२७ साली पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट या वसाहतीत, म्हणजे आजच्या घाना देशात, असिबी नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या एका पुरुषाला पीतज्वर, म्हणजे ‘यलो फीव्हर’ हा विषाणूमुळे येणारा ताप, आला. ताप सौम्य होता आणि असिबी बराही झाला. परंतु आजारपणात घेतलेले त्याचे थोडे रक्त संशोधकांनी भारतातून आणलेल्या ऱ्हीसस माकडाला टोचले तेव्हा ते माकड दगावले. आफ्रिकेतील माकडांना हा विषाणू फारसा त्रास देत नाही, त्यामुळे पीतज्वराचा विषाणू प्रयोगशाळेत जिवंत राखण्याचा मार्ग तोवर कोणाला सापडलेला नव्हता. तो शोधणाऱ्या पथकातील एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी लागोस येथे पीतज्वरानेच मरण पावले. असिबीच्या रक्तातून मिळालेला विषाणू आजही ‘असिबी वाण’ या नावानेच ओळखला जातो, आणि पीतज्वराची आज वापरात असलेली लसदेखील त्याच वाणाची वंशज आहे.

एकाच रक्ताच्या थेंबातून निघालेला एक विषाणू मारक राहिला आणि दुसरा कोट्यवधी लोकांचे रक्षण करू लागला, हे कसे घडले असावे? पीतज्वरावरील जनुकीय संशोधनाचा बराच भाग अशाच प्रश्नांनी व्यापलेला आहे. एकमेकांशी जवळचे नाते असलेले दोन जीव घ्यायचे, त्यांची जनुके अक्षर अक्षर ताडून पाहायची आणि सापडलेल्या फरकांपैकी कोणत्या फरकामुळे त्यांचे वागणे वेगळे झाले हे हुडकायचे, अशी ही पद्धत आहे. ही तुलना कधी मारक विषाणू आणि लशीतील विषाणू यांची असते, कधी आफ्रिकेतील आणि अमेरिकेतील विषाणूंची, तर कधी जंगलातील आणि घरातील डासांची.

पीतज्वराचे रोगचित्र थोडक्यात असे आहे. डास चावल्यानंतर साधारण तीन ते सहा दिवसांनी ताप, अंगदुखी आणि उलट्या सुरू होतात. बहुतेक रुग्ण यातून बरे होतात. काहींचा ताप मात्र एखाद्या दिवसाच्या उसंतीनंतर पुन्हा उसळतो, यकृत निकामी होऊ लागते, डोळे आणि त्वचा पिवळी पडते, रक्तस्राव होतो आणि या अवस्थेला पोहोचलेल्यांपैकी सुमारे निम्मे रुग्ण दगावतात. या विषाणूवर नेमके लागू पडणारे औषध अद्याप नाही. जे काही खात्रीचे संरक्षण आहे, ते लशीचेच आहे.

विषाणूची सगळी जनुकीय माहिती आरएनए या रेणूच्या एकाच धाग्यावर, जेमतेम अकरा हजार अक्षरांत, म्हणजे ओळीने जोडलेल्या रासायनिक घटकांत, मावते. माणसाच्या जनुकसंचात अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. हा धागा पेशीत शिरला की पेशीची प्रथिने बनवणारी यंत्रणा त्याला आपलाच निरोप समजून थेट वाचू लागते. वाचन एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत सलग होते आणि त्यातून ३,४११ अमिनो आम्लांची एकच लांबलचक साखळी तयार होते. पुढे ही साखळी ठरावीक ठिकाणी कापली जाऊन दहा प्रथिने सुटी होतात. त्यांपैकी तीन विषाणूचे शरीर घडवतात, उरलेली सात पेशीच्या आत राहून नकला काढणे, साखळी कापणे आणि पेशीची संरक्षणव्यवस्था बोथट करणे ही कामे करतात. दहा प्रथिनांच्या एवढ्याशा भांडवलावर हा विषाणू डासाच्या आतड्यात, माकडाच्या शरीरात आणि माणसाच्या यकृतात, अशा तीन अगदी निराळ्या ठिकाणी संसार थाटतो, हे मला तरी त्याच्या मारकतेपेक्षा अधिक थक्क करणारे वाटते. डेंग्यू, झिका, वेस्ट नाइल आणि जपानी मेंदूज्वर यांचे विषाणू याच कुळातले. त्या कुळाचे ‘फ्लॅविव्हायरस’ हे नावही ‘पिवळा’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, म्हणजे पीतज्वरावरूनच पडले. १९८५ साली या कुळातील ज्या विषाणूचा संपूर्ण जनुकसंच सर्वप्रथम वाचला गेला, तोही पीतज्वराचाच, किंबहुना त्याच्या लशीतला होता.

ही लस तयार झाली तेव्हा जनुक म्हणजे नेमका कोणता रासायनिक पदार्थ, हेसुद्धा ठाऊक नव्हते. विषाणुशास्त्रज्ञ मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असिबी वाण आधी उंदराच्या भ्रूणाच्या ऊतीत, मग कोंबडीच्या भ्रूणाच्या ऊतीत आणि शेवटी मेंदू व मज्जारज्जू काढून टाकलेल्या कोंबडीच्या भ्रूणाच्या ऊतीत पुन्हा पुन्हा वाढवला. एका पात्रातील विषाणू वाढला की त्यातला थोडा अंश पुढच्या पात्रात घालायचा, असा हा क्रम दोनशेहून अधिक वेळा चालला. एकोणनव्वदाव्या आणि एकशे चौदाव्या फेरीच्या दरम्यान केव्हातरी विषाणूचा मारकपणा गळून पडला. नेमक्या कोणत्या फेरीत आणि कशामुळे, हे सांगण्याचे साधन त्या काळी नव्हते. १९३७ साली १७डी या नावाने ही लस जाहीर झाली आणि १९५१ साली थायलर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

‘कशामुळे’ या प्रश्नाकडे पन्नास वर्षांनी, १९८७ साली, नीट पाहता आले. असिबी वाणाचा जनुकसंच वाचून लशीच्या जनुकसंचाशेजारी ठेवला, तेव्हा दोहोंत ६८ अक्षरांचा फरक आढळला आणि त्यांतून ३२ अमिनो आम्ले बदललेली दिसली. प्रमाण पाहिले तर हे बदल हजार अक्षरांमागे सहासातच भरतात, पण त्यांची वाटणी सारखी झालेली नाही. विषाणूच्या बाहेरच्या आवरणातील प्रथिनात ते विशेष दाटलेले आहेत, आणि पेशीला चिकटून आत शिरण्याचे काम याच प्रथिनाकडे असते. किल्लीचे दोनचार दाते घासले गेले की ती काही कुलुपे उघडते आणि काही उघडत नाही, तसे काहीसे येथे झाले. तरीही मारकपणा घालवणारा एकच बदल बोटाने दाखवता येत नाही. अनेक बदलांनी मिळून तो घालवला आहे आणि लशीच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे, कारण एखादे अक्षर उलट फिरून पूर्ववत झाले तरी विषाणू पुन्हा मारक होत नाही.

या तुलनेतून आणखी एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. विषाणूच्या नकला काढणारे प्रथिन चुका दुरुस्त करत नाही, त्यामुळे रुग्णाच्या शरीरात एकच विषाणू नसून किंचित वेगवेगळ्या प्रतींचा जमाव असतो. असिबी वाणाचा असा जमाव बराच विविध आहे, तर लशीतील विषाणूचा जमाव कमालीचा एकसारखा आहे. शरीरात निरनिराळ्या ऊतींवर ताबा मिळवायला निरनिराळ्या प्रती उपयोगी पडत असतील, तर लशीतील विषाणूकडे ती शिदोरीच नाही. लशीच्या सौम्यपणाचे एक कारण येथे असावे, असे अनेक अभ्यासक मानतात.

लशीबाबत एक दुखरी बाजूही आहे. लाखो लोकांमागे एखाद्या-दोघांना ही लस घेतल्यावर प्रत्यक्ष पीतज्वरासारखाच गंभीर आजार होतो. पहिला संशय साहजिकच विषाणूवर आला: तो शरीरात बदलून पुन्हा मारक झाला असेल काय? परंतु अशा रुग्णांतून मिळवलेल्या विषाणूंची अक्षरे तपासली असता ती लशीतल्यासारखीच निघाली. मग तुलनेची दिशा फिरवून माणसांची तपासणी सुरू झाली. विषाणू शिरल्याची पहिली आरोळी ठोकणारी इंटरफेरॉन नावाची प्रथिने आपल्या शरीरात असतात. गंभीर आजारी झालेल्यांपैकी काहींच्या अंगी ही आरोळी ऐकणाऱ्या प्रथिनाचे जनुकच जन्मतः सदोष होते, तर काहींच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे आढळली. विषाणू तोच होता, मात्र तो ज्या शरीरात पडला तेथे दार उघडे राहिलेले होते. या निष्कर्षाचे महत्त्व पीतज्वरापुरते नाही. सौम्य मानलेला संसर्ग एखाद्यालाच का खाली लोळवतो, या जुन्या कोड्याचा एक तुकडा येथे जागेवर बसतो.

आता विषाणूच्या थोरल्या घराण्याकडे वळू. जगभरच्या नमुन्यांतील अक्षरे ताडून अभ्यासकांनी या विषाणूच्या सात शाखा ठरवल्या आहेत: पाच आफ्रिकेतील आणि दोन दक्षिण अमेरिकेतील. अमेरिकेतील शाखांचे सर्वांत जवळचे नातलग पश्चिम आफ्रिकेत सापडतात. विषाणूची अक्षरे वर्षाकाठी किती बदलतात याचा अंदाज बांधला की दोन शाखा केव्हा फुटल्या याचेही गणित मांडता येते. पीतज्वराच्या विषाणूत दरवर्षी दर दहा हजार अक्षरांमागे सुमारे चार बदल पक्के होतात, आणि डेंग्यूच्या मानाने ही गती मंद आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात हा विषाणू मागील दीड हजार वर्षांत आफ्रिकेत उदयाला आला आणि तीनशे ते चारशे वर्षांपूर्वी अमेरिकेत पोहोचला, असा निष्कर्ष निघाला. गुलामांना वाहून नेणारी जहाजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अमेरिकेकडे जात होती, तो हाच काळ. १६४७ साली बार्बाडोस बेटावर आणि १६४८ साली मेक्सिकोच्या युकातान भागात पीतज्वराच्या साथींची नोंदही आहे. कागदोपत्री इतिहास आणि विषाणूच्या अक्षरांतील इतिहास एकमेकांना इतके जुळावेत, असे क्वचित घडते.

त्या जहाजांवर विषाणूबरोबर त्याचा वाहकही होता. पिण्याच्या पाण्याच्या पिंपांत एडिस इजिप्ती जातीचे डास अंडी घालत, अळ्या वाढत, आणि आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या प्रवासात माद्यांना चावायला माणसे हाताशीच असत. हा डास पीतज्वर पसरवत असावा असे क्यूबातील डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ सालीच मांडले होते आणि अमेरिकी लष्करातील डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या आयोगाने १९०० साली ते प्रयोगाने सिद्ध केले. परंतु याच डासाने माणसाची संगत का धरली, हा प्रश्न त्यानंतर शंभर वर्षे तसाच राहिला.

मुळात एडिस इजिप्ती हा आफ्रिकेच्या जंगलातला, झाडांच्या ढोलीतल्या पाण्यात वाढणारा आणि मिळेल त्या प्राण्याचे रक्त पिणारा काळपट डास. त्याचेच घरात राहणारे रूप फिकट तपकिरी असते आणि ते माणसाला सोडून सहसा दुसरीकडे जात नाही. केनियातील रबाई परिसरात ही दोन्ही रूपे एकमेकांपासून थोड्याच अंतरावर, एक घरांत आणि एक जवळच्या जंगलात, सापडत असत. संशोधकांनी दोन्हींची अंडी गोळा करून प्रयोगशाळेत वाढवली आणि डासांपुढे दोन वाटा ठेवल्या. एका वाटेने माणसाचा गंध येई, दुसरीने गिनीपिगचा. गंध पोहोचवण्यासाठी माणसाने दिवसभर हातावर घातलेला नायलॉनचा मोजा पुरे होई. घरातले डास माणसाच्या वाटेने गेले, तर जंगलातल्या डासांनी बहुधा गिनीपिगची वाट धरली. मग दोहोंचा संकर करून पुढच्या पिढीतील माणूसवेडे आणि गिनीपिगवेडे डास वेगळे काढले आणि त्यांच्या स्पर्शिकांत कोणती जनुके अधिक जोमाने चालतात ते पाहिले. २०१४ साली जाहीर झालेल्या या कामात ‘ओआर४’ नावाचे एक गंधग्राहक जनुक पुढे आले. माणसाच्या अंगाच्या वासात सल्कॅटोन नावाचा एक घटक इतर प्राण्यांच्या मानाने बराच असतो; तो हे जनुक टिपते. घरातल्या डासांत हे जनुक अधिक चालते आणि त्यातून बनणारे प्रथिन सल्कॅटोनला अधिक संवेदनक्षमही असते.

तथापि एका जनुकावर सगळे श्रेय टाकणे घाईचे ठरेल. गंध टिपणाऱ्या अनेक प्रथिनांना लागणारे एक सामाईक जनुक निकामी केलेले डास तयार केले असता माणूस की गिनीपिग ही त्यांची निवड ढासळली. पण श्वासातील कार्बन डायऑक्साइडची जोड मिळताच ते माणसाकडे येतच राहिले. चावण्याचे साहित्य निसर्गाने दुहेरी-तिहेरी शिवून ठेवले आहे.

माणसाची ही ओढ उपजली कशी, याचे उत्तर आफ्रिकेतील सत्तावीस ठिकाणांच्या डासांची तुलना करून शोधले गेले आणि ते मला या विषयातील सर्वांत सुंदर उत्तर वाटते. जेथे कोरडा ऋतू लांबलचक आणि कडक असतो, तेथील डासांची माणसाची आवड सर्वांत तीव्र निघाली. पाऊस संपला की ढोलीतले पाणी आटते. पाणी उरते ते माणसाने साठवलेल्या भांड्यांत. अंडी घालायला माणसाच्या घराजवळ येणे भाग पडले की भोवती रक्तही माणसाचेच मिळणार. डासांच्या जनुकांतील फरकांवरून हा बदल सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा ठरतो, म्हणजे हिरवेगार सहारा वाळवंट होत चालले होते तेव्हाचा. पीतज्वराच्या साथींचे मूळ अशा रीतीने एका ताप आणणाऱ्या विषाणूइतकेच पाण्याच्या टंचाईत आहे.

या डासाचा जनुकसंच वाचणे हे वेगळेच दिव्य होते. २००७ साली पहिला मसुदा आला तेव्हा सुमारे १३८ कोटी अक्षरांपैकी जवळजवळ निम्मी अक्षरे एकाच ठेवणीच्या, जागोजागी उड्या मारणाऱ्या तुकड्यांची निघाली. सगळे आकाशाचेच तुकडे असलेले चित्रकोडे जुळवायला घ्यावे, तशी संशोधकांची अवस्था झाली. २०१८ साली लांबलचक तुकडे सलग वाचणारे तंत्र वापरून अखेर तीन गुणसूत्रांचा नीट नकाशा तयार झाला. त्यात पहिल्या गुणसूत्रावरील ‘निक्स’ या जनुकाचा परिसरही उलगडला. हे जनुक ज्या अंड्यात असेल त्यातून नर निपजतो. मादीत ते घातले असता ती प्रजननक्षम नर होते, मात्र उडण्यासाठी लागणारे शेजारचे दुसरे जनुक नसल्याने तिला उडता येत नाही. चावते ती फक्त मादी, त्यामुळे नर-मादी ठरवणाऱ्या जनुकाला केवळ शास्त्रीय कुतूहलापलीकडचे मोल आहे.

मादीने रुग्णाचे रक्त प्यायले म्हणजे रोग पुढे गेलाच, असेही नाही. रक्तातील विषाणूला आधी डासाच्या आतड्याच्या पेशींत शिरावे लागते, तेथे वाढावे लागते, आतड्याची भिंत ओलांडून शरीरात पसरावे लागते आणि शेवटी लाळग्रंथी गाठावी लागते. या वाटचालीला दीडदोन आठवडे जातात. एकाच जातीच्या डासांतही ठिकाणानुसार ही भिंत कोठे कच्ची, कोठे भक्कम असते आणि हा गुण वारशाने येतो. शिवाय ज्या डासांत एक वाण सहज वाढतो त्यांच्यात दुसरा अडखळतो. जुळणी विषाणू आणि डास या दोघांची लागते. लशीतील विषाणू याच भिंतीशी अडतो. तो डासाच्या आतड्यात वाढू शकतो, पण तेथून बाहेर पसरत नाही, आणि याला आवरणातील त्याच बदललेल्या प्रथिनाचा हातभार आहे. म्हणून लस घेतलेल्या माणसाला डास चावून लशीतील विषाणू पसरण्याची भीती उरत नाही.

अक्षरे वाचण्याचा उपयोग चालू साथीतही होतो. ब्राझीलमध्ये २०१६ ते २०१८ या काळात पीतज्वराची मोठी साथ आली; दोन हजारांहून अधिक रुग्ण आणि सातशेहून अधिक मृत्यू नोंदले गेले. साओ पाउलो, रिओ यांसारखी महानगरे जवळ असल्याने शहरातील एडिस इजिप्तीने विषाणू उचलला काय, ही सर्वांत मोठी धास्ती होती. देशात अशी शहरी साथ १९४२ नंतर आलेली नव्हती. मिनास जेराईस राज्यात संशोधकांनी मुठीत मावणारी वाचनयंत्रे नेऊन माणसांच्या आणि मेलेल्या माकडांच्या नमुन्यांतील विषाणू वाचले. माणसामाणसांतून साखळी चालली असती तर रुग्णांतील विषाणू एकमेकांच्या जवळचे निघायला हवे होते. प्रत्यक्षात ते माकडांतील विषाणूंमध्ये मिसळलेले दिसले, म्हणजे प्रत्येक वेळी संसर्ग जंगलातूनच बाहेर येत होता. रुग्णांत जंगलाकडे कामाला जाणाऱ्या पुरुषांचा भरणा होता, हेही त्याला धरूनच होते. वंशवृक्ष आणि नकाशा एकत्र मांडून विषाणू दिवसाला सरासरी चार किलोमीटरहून थोडा अधिक सरकत असल्याचा अंदाज काढता आला. त्या जंगलांत वाहक असतात हिमागोगस आणि साबेथिस जातींचे डास, जे झाडांच्या शेंड्यांवर राहतात, आणि मोठ्याने ओरडणारी हाऊलर माकडे तर या विषाणूने पटापट मरतात. एरवी घुमणारे जंगल एकाएकी गप्प झाले, तर ती साथीची पहिली सूचना समजायची.

अंगोलातील २०१५-१६ ची साथ याच्या उलट होती. लुआंडा शहरात सुरू झालेल्या त्या साथीत घरातला एडिस इजिप्तीच वाहक होता. साठ्यातील लस कमी पडू लागल्यावर शेजारच्या काँगो देशातील किन्शासा येथे नेहमीच्या मात्रेचा पाचवा भाग देऊन मोहीम पार पाडावी लागली. अंगोलाहून परतलेल्या अकरा कामगारांमुळे पीतज्वराचे रुग्ण चीनमध्येही पोहोचले. आशियात या रोगाने कधी मूळ धरलेले नाही, याचे कारण अनेकदा तेथील डासांवर ढकलले जाते. जनुकांचा पुरावा त्या सबबीला फारसा आधार देत नाही: आशियातील एडिस इजिप्ती अमेरिकेमार्गे आलेल्या घरगुती डासांचेच वंशज आहेत आणि प्रयोगशाळेत त्यांच्यात पीतज्वराचा विषाणू वाढतो. डेंग्यूमुळे आलेल्या प्रतिकारशक्तीचा काही अडसर होत असेल, विषाणू तेथे पुरेशा वेळा पोहोचलाच नसेल. कारणे एकाहून अधिक असावीत.

डासांच्या जनुकांवरील ज्ञान आता त्यांच्याच विरुद्ध वापरले जात आहे. पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके डासाच्या मज्जातंतूंवरील सोडियमच्या वाहिनीला चिकटतात. त्या वाहिनीच्या जनुकात ठरावीक ठिकाणी एक अक्षर बदलले की औषध निसटते. अशी बदललेली अक्षरे किती डासांत आहेत हे आधी तपासले, तर फवारणी वाया जाण्याचे टळते. काही ठिकाणी असे नर सोडले गेले आहेत, ज्यांच्या मादी संततीला घातक जनुकाचा वारसा मिळून ती अळीच्या अवस्थेतच मरते. वोल्बॅकिया हा जिवाणू अंगात बाळगणाऱ्या डासांत पीतज्वराचा विषाणू नीट वाढत नाही, तोही उपाय चाचण्यांतून पुढे सरकला आहे. मात्र हे सर्व शहरातल्या एका जातीच्या डासापुरते आहे. झाडाच्या शेंड्यावरील हिमागोगसपर्यंत यांतले काहीच पोहोचत नाही, आणि तेथे माकडामाकडांतून फिरणारा विषाणू वर्षाला चारपाच अक्षरे बदलत आपल्या मंद चालीने पुढे जात राहतो.